दसऱ्याची सून

गेले दीड वर्ष दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मी दुपारचा चहा घरी घेत नाही. कराडमध्ये एका वाचनालयाच्या माडीवर आमचे सात-आठ जणांचे मंडळ जमते. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. म्हणूनच ते अजून टिकले आहे असे माझे मत. एक निवृत्त तलाठी, एक बँकेतले कॅशियर, वकिलाकडे चाळीस वर्षे कारकुनी केलेले एक गृहस्थ, दोन गृहिणी, मोडी शिकणारी कॉलेजातली एक मुलगी आणि मी, निवृत्त मास्तर. आपापल्या घराण्याचे जुने कागद आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ते लावायचे, एवढेच काम. आमची सौ. याला 'मेलेल्यांची भिशी' म्हणते. दर वेळी एकाच्या घराण्याचा नंबर लागतो, म्हणून भिशी!

मी तिकडे हौसेने गेलो नाही. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यांत धूळ खात पडलेली जुनी जन्म-मृत्यूची बुके बाहेर निघाली. पुतण्याला मुलाच्या दाखल्यासाठी वंशावळ हवी होती. "काका, तुम्ही इतिहास शिकवायचा ना? मग आपली वंशावळ द्या लिहून." मी ऐटीत वही घेऊन बसलो आणि पणजोबांपाशीच अडलो. भोसले घराण्याची वंशावळ मालोजीराजांपासून सातारा-कोल्हापूरच्या गाद्यांपर्यंत मी फळ्यावर न बघता काढत असे. स्वतःच्या खापरपणजोबांचे नाव मात्र मला ठाऊक नव्हते. ब्राह्मण घराण्यांचे छापील कुलवृत्तांत असतात, तसले काही आमच्यासारख्या शेतकरी घरात कधी नव्हते.

मंडळात पहिल्याच दिवशी तलाठीसाहेबांनी एक नियम सांगितला. वहीच्या डाव्या पानावर ऐकलेले लिहायचे, उजव्या पानावर कागदात सापडलेले. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. "मास्तर, माणसं खोटं बोलत नाहीत, पण गोष्ट तोंडातून तोंडात जाताना झिजते," असे ते म्हणाले. झिजते की फुगते, यावर आमचा तेव्हा थोडा वाद झाला होता. असो.

कागद म्हणजे नुसते सातबारा नि फेरफार नव्हेत, हे मला तिथे कळले. घरातली पितळेची भांडी पालथी घालून बघा. घागरीवर, परातीवर नाव घातलेले असते, कुणी कुणाला कधी दिली ते असते. जुन्या पंचांगाच्या कडेला जन्मवेळा टिपलेल्या असतात. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजांच्या सह्या किंवा अंगठे सापडतात. शाळेचे जनरल रजिस्टर तर माझ्याच खात्यातले. त्याबद्दल एक कबुली देऊन टाकतो. आमच्या भागातली निम्मी जनता एक जूनला जन्मलेली आहे, ती आम्हा मास्तरांच्या कृपेने! बाप पोराला शाळेत घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की "पाऊस लय झाला त्या साली" म्हणायचा. मग आम्ही दात बघून साल ठरवायचो आणि तारीख एक जून. अशा किती नोंदी मी स्वतःच्या हाताने केल्या असतील! आज कुणी त्या पुरावा म्हणून समोर ठेवल्या की मी खिडकीबाहेर बघतो.

मोडीही थोडीफार शिकलो. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायचे, शक्यतो हात न उचलता. शब्द कुठे संपला ते आपण ओळखायचे. आणि गंमत म्हणजे मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. चौतीस वर्षे वेलांटीसाठी मुलांचे अर्धे-अर्धे मार्क कापणाऱ्या माणसावर म्हातारपणी ही वेळ यावी! कॉलेजातली मुलगी माझी गुरू. ती माझ्या वहीवर लाल शाईने खुणा करते आणि मी निमूटपणे बघतो.

आता मूळ गोष्ट.

आमच्या भागात हेळवी येतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा दक्षिण भाग आणि उत्तर कर्नाटक इथे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हा समाज. कानडीत 'हेळव' म्हणजे पांगळा. पूर्वी ते बैलावर बसून येत. सुगी झाली की ठरलेल्या गावांत, ठरलेल्या घरांत यायचे, सोप्यावर बसून चोपडीतून पिढ्या वाचायच्या, नवीन जन्मलेल्यांची नावे चढवायची आणि धान्य घेऊन पुढे जायचे. लहानपणी आम्ही पोरे आपले नाव चोपडीत आले की टाळ्या पिटायचो. बहिणींची नावे वाचली जायची नाहीत, हे तेव्हा लक्षातसुद्धा आले नव्हते.

मागच्या वर्षी ते आले तेव्हा मी मुद्दाम गावी जाऊन थांबलो. आता ते मोटारसायकलवर येतात, पण चोपड्या त्याच, मेणकापडात गुंडाळलेल्या. पणजोबांपाशी आल्यावर त्यांनी वाचले, "पोटी पुत्र तीन." मी थांबवले. आम्हाला दोनच माहीत. एक माझे आजोबा, दुसरे त्यांचे थोरले बंधू. हेळव्यांनी पुन्हा बोट फिरवले. "तीन हाईत मास्तर. मधल्याचा वंश न्हाई."

मधला म्हटल्यावर मला आठवले. मधला होता! पण आमच्या घरी त्याची गोष्ट त्याच्या नावाने सांगितली जात नसे. सांगितली जाई ती त्याच्या बायकोच्या नावाने, आणि तिलाही नाव नव्हते. ती 'दसऱ्याची सून'.

गोष्ट अशी. मानमोडीच्या साथीच्या साली मधली सून माहेरी होती. दसऱ्याला सोने घेऊन ती सासरी आली, तिचे पाऊल उंबऱ्याला लागले आणि घर बसले. आधी सासू गेली, मग नवरा गेला, मग धाकटी नणंद. पंधरा दिवसांत तीन तिरड्या. तिच्या अंगाला मात्र काही झाले नाही! तेराव्यानंतर तिला माहेरी पोचवली ती कायमची. पुढचे कुणी विचारले नाही. आमच्या घरात कुठलीही नवी सून जरा चुकली, दूध नासले, म्हैस आटली, तरी कुणी तरी म्हातारी हळूच म्हणायची, "दसऱ्याची सून आली का काय?" आम्ही पोरे त्यावर हसायचो.

हे सगळे मी डाव्या पानावर लिहिले.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. (मोडी आणि मानमोडी, दोन्ही एकाच वर्षी माझ्या मानगुटीवर बसल्या.) १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर आला असे मानतात. पहिली लाट बेताची होती. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात आली ती भयंकर. त्यात त्या वर्षी पाऊस नव्हता, पिके गेलेली, माणसे आधीच खंगलेली. देशभरात सव्वा कोटींच्या पुढे माणसे गेली असावीत असे अंदाज आहेत. आपल्या खानेसुमारीच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आणि या रोगाने म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे जास्त नेली. हे मला वर्गात शिकवताना माहीत नव्हते. पाठ्यपुस्तकात पहिल्या महायुद्धाला धडा होता, मानमोडीला ओळही नव्हती.

आमच्या गावचे १९१८ चे मृत्यूचे बुक तहसीलीत सापडले. अर्ज, शिक्का, दोन हेलपाटे आणि एका भल्या कारकुनाची मदत. नकला घेऊन मी रविवारी मंडळात गेलो. त्या दिवशीची भिशी माझी होती.

तारीख, नाव, जात, वय, मरणाचे कारण. ओळीखाली ओळ. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत अक्षर टपोरे, सावकाश. महिन्याला चार, पाच, कधी दोनच ओळी. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्यांदा 'ताप' आला. २७ तारखेला. मग ऑक्टोबर सुरू झाला आणि अक्षर बदलले. आधी ते घाईचे झाले, मग वाकडे झाले, आणि महिन्याच्या मध्यावर चक्क दुसऱ्याच माणसाचे झाले. पहिला लिहिणारा कुठे गेला? कॉलेजातली मुलगी पुढे वाचत गेली आणि दोन ओळींनंतर थांबली. त्या बुकात तोही होता. कारण: ताप.

पुढच्या ओळींत कारणाच्या रकान्यात नुसत्या खुणा आहेत, वरच्याप्रमाणे, वरच्याप्रमाणे. बायकांची नावे बहुतेक नाहीतच. अमक्याची बायको, तमक्याची आई, फलाण्याची मुलगी. पणजोबांची बायको, वय पन्नास, ९ ऑक्टोबर. पणजोबांचा मधला मुलगा, वय बावीस, २० ऑक्टोबर. पणजोबांची मुलगी, वय अकरा, २२ ऑक्टोबर.

मी म्हटले, "गोष्ट खरी आहे. तिघेही आहेत."

तेव्हा आमच्यातल्या एक बाई, ज्या एरवी फारसे बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "मास्तर, पण १९१८ चा दसरा म्हणजे साईबाबांनी देह ठेवला तो दिवस. पंधरा ऑक्टोबर." त्या दर वर्षी शिर्डीला पुण्यतिथीला जातात, त्यांना ती तारीख पाठ आहे.

माडीवर सगळे गप्प झाले. मी पुन्हा कागद बघितला. सासू ९ तारखेला गेली होती. दसऱ्याच्या सहा दिवस आधी. म्हणजे दसऱ्याची सून घरात आली तेव्हा सासू जिवंतच नव्हती! गावात ताप शिरून अठरा दिवस झाले होते. आणि घरात कर्ती बाई मेल्यावर, नवरा नि नणंद अंथरुणावर असताना, माहेरच्या सुखरूप घरातून निघून ती त्या घरात का आली असेल? सोने वाटायला? ती चूल पेटवायला आली होती. दुखणेकऱ्यांच्या तोंडात पाणी घालायला आली होती. बहुधा कुणी तरी सांगावा धाडून तिला बोलावलेच असेल. आणि तिला काही झाले नाही म्हणून तर माझे आजोबा, तेव्हा चौदा वर्षांचे, कुणाच्या तरी हातची पेज पिऊन वाचले असतील. हे शेवटचे वाक्य मी डाव्या पानावर लिहिले, कारण त्याला कागद नाही.

गोष्टीत एवढेच झाले होते की सासूचे मरण सहा दिवस पुढे सरकवले गेले. तलाठीसाहेब म्हणतात गोष्ट झिजते. इथे कुणी तरी ती घासून धार लावली होती.

तिचे पुढे काय झाले हे शोधायचा मी प्रयत्न केला. जमिनीच्या कागदात ती नाही. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्राचा हक्क, वाटणीचा नाही. तो थोडाफार मिळाला १९३७ च्या कायद्याने, आणि तोवर तिचा नवरा मरून एकोणीस वर्षे झालेली. आमच्यात पाट लावायची चाल होती. लागला असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, दुसऱ्या कुणाच्या तरी वंशावळीत 'अमक्याची बायको' म्हणून असेल. तिचे माहेर कुठले, हेही आज घरात कुणाला माहीत नाही. शंभर वर्षे तिला शिव्या घातल्या, पण गाव लक्षात ठेवले नाही.

थोरल्या चुलतभावाला मी फोन करून हे सांगितले. तो म्हणाला, "जुनी मढी कशाला उकरतोस? दाखल्यापुरती वंशावळ कर की." त्याचे एका अर्थी बरोबर होते. दाखल्याला सुना लागतच नाहीत.

पण मला झोप येईना, आणि त्याचे कारण १९१८ नव्हते. ते १९७६ होते.

आमच्या घरातली काही मंडळी हे वाचतील. त्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही, म्हणून मीच लिहितो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माझा एक चुलतभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. १९७६ च्या मे महिन्यात त्याचे लग्न झाले. भाद्रपदात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला. वहिनीचे वय बावीस, लग्नाला चार महिने. दिवस चालू असताना सोप्यावर बायका बसल्या होत्या आणि त्यांतली एक, मोठ्याने, वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "ह्या घराला दुसऱ्यांदा दसऱ्याची सून लाभली."

मी तिथेच होतो. सव्वीस वर्षांचा, बी.ए. झालेला, शाळेत लागून तीन वर्षे झालेला मास्तर. त्याच महिन्यात मी मुलांना जोतीराव फुल्यांनी १८६३ साली काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह शिकवले होते, आणि चांगले शिकवले होते असे मला आठवते. सोप्यावर मी काही बोललो नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. तिची ट्रंक मी एसटी थांब्यापर्यंत डोक्यावरून नेली. जड होती. गाडी येईपर्यंत अर्धा तास आम्ही तिघे उभे होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही.

वहिनी माहेरी राहिली, बालवाडीचा कोर्स केला, तीस वर्षे बालवाडी चालवली. आता सत्तरी ओलांडली आहे, भाच्याजवळ राहते. मधल्या काळात लग्नाकार्यात चार-दोनदा भेट झाली, "बरं आहे का" एवढेच बोलणे. मी केलेल्या वंशावळीत दादाच्या नावाखाली मी रेघ ओढली होती आणि लिहिले होते: निर्वंश. मधल्या आजोबांच्या नावाखाली हेळव्यांनी सांगितले तेच. दोन्हीकडे शब्द एक आणि अक्षर माझे.

फेब्रुवारीत मी नकला आणि वही घेऊन तिच्याकडे गेलो. तिने चहा केला. मी चष्मा लावून सगळे सविस्तर सांगितले. २७ सप्टेंबर, ९ ऑक्टोबर, दसरा १५ ला, मग २० आणि २२. साईबाबांचेही सांगितले. जवळजवळ वर्गात शिकवावे तसे. ती लक्ष देऊन ऐकत होती. माझे संपल्यावर तिने कप उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाली,

"म्हणजे तिचा काही दोष नव्हता."

"नव्हता, वहिनी. हा कागदच आहे."

"हे कळायला कागद लागला का, भावजी?"

मला उत्तर सुचले नाही. ती रागावून बोलली नव्हती, खरेच विचारत होती. सासू आधी मेली असती किंवा नंतर, तरी एका पोरीच्या पायाने साथ येत नसते आणि विहिरीच्या मोटारीत करंट उतरत नसतो. हे मला १९७६ साली पक्के माहीत होते. मी परीक्षेत विचारले असते तर माझ्या सातवीच्या मुलांनीही बरोबर लिहिले असते. मी म्हटले, "तेव्हा बोलायला पाहिजे होतं मी." ती म्हणाली, "हो. पाहिजे होतं." आणि तिने वही पुढे ओढली.

बराच वेळ ती पाने उलटत होती. मग दादाच्या नावापाशी थांबली. 'निर्वंश' शब्दावर बोट ठेवून तिने विचारले, "हे खोडू का?" मी खिशातले पेन दिले. तिने एकच रेघ मारली आणि शेजारी, बालवाडीच्या फळ्यावर काढतात तसल्या गोल, सुट्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले. सासरचे. त्याखाली कंसात दुसरे नाव लिहिले, माहेरचे. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. ते जुने नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. एवढ्या वर्षांत मला तिचे खरे नाव माहीत नव्हते.

मग ती मधल्या आजोबांच्या पानावर गेली. तिथेही तिने शब्द खोडला, पण लिहायला काही नव्हते. पेन तसेच धरून तिने विचारले, "हिच्या माहेरचे लोक कुठं असतील? त्यांच्या घरीही हेळवी जात असतील की."

हे आमच्या मंडळात कुणालाच सुचले नव्हते! हेळव्यांची घरे वाटून घेतलेली असतात, पण आपसात ओळखी असतात. त्या साली माहेरी परत आलेली लेक, पुन्हा पाट लागलेली बाई, एखाद्या चोपडीत कुठे तरी असू शकेल. नसेलही. लेकींची नावे ते वाचत नाहीत, पण लिहितच नाहीत असे नाही. मी कधी चोपडीत डोकावून पाहिले आहे?

हेळवी आता सुगी झाल्यावर येतील. मी तसे वहिनीला म्हटले. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ते आले की मला फोन करा. मी येते."

आमच्या गावच्या घरी ती १९७६ नंतर आलेली नाही. तिला मी हो म्हणून आलो आहे. घरात अजून कुणाला सांगितलेले नाही, ते आता हे वाचून कळेल.